मदत हवी आहे: पालिका आमची बाग ठेक्याने देतेय, शुक्रवारपर्यंत हरकत द्यायची आहे

शेवंती
शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत हरकत द्यायची मुदत आहे आणि इथे कोणी धड काही सांगत नाहीये म्हणून विचारते. आमच्या कॉलनीतली बाग पालिका ठेक्याने देतेय. गेटवर दहा रुपये तिकीट, रस्त्याच्या अंगाला खाण्याचे स्टॉल, आणि मागच्या मोकळ्या भागात लॉन करून लग्नं-वाढदिवस. कारण काय तर पालिकेकडे पैसा नाही, बाग परवडत नाही. हरकतीचा अर्ज कसा लिहायचा, कोणतं कलम टाकायचं, कोणाच्या नावाने द्यायचा? प्लीज लवकर सांगा. नगरसेवकाला भेटा हे सांगू नका, ते करून झालंय.

गिरणाथडी
कोणतं गाव? नगरपालिका का महानगरपालिका? दोघांचा कायदा वेगळा आहे, पालिकेला १९६५ चा लागतो आणि मनपाला १९४९ चा. हे माहीत नसताना कलम काय सांगणार.

सातपुडा७
माहितीचा अधिकार टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, नाहीतर तेवढ्यावरूनच परत करतात. ठराव, निविदा, करारनामा, बागेवरचा तीन वर्षांचा खर्च, सगळं मागवा. मी चाळीसच्या वर अर्ज टाकलेत, याच्याशिवाय कोणी हलत नाही.

गिरणाथडी
अहो सातपुडा, माहिती द्यायला त्यांना ३० दिवस असतात. आज मंगळवार. त्यांची मुदत शुक्रवारी संपते.

सातपुडा७
म्हणून काय झालं, हरकतीत लिहायचं की माहिती मागवलेली आहे, ती मिळेपर्यंत निर्णय घेऊ नये. अर्जाची पोच सोबत जोडायची. मी दोनदा असं केलंय आणि एकदा काम थांबलंय.

भरीतवाला
ठेक्याला एवढं काय घाबरायचं भो? आमच्याकडची बाग पालिकेकडे होती तेव्हा झोके तुटेल, नळ बंद पडेल, संध्याकाळी सातनंतर बाईमाणूस आत जात नव्हतं. आता ठेकेदार आहे तर लाईट तरी लागतात. जळगावला काव्यरत्नावली चौकातलं भाऊंचे उद्यान जाऊन पाहा एकदा, जैन उद्योगसमूहाने केलं म्हणून ते तसं झालं. नुसत्या मनपाच्या भरवशावर झालं असतं का?

शेवंती
नगरपालिका आहे, जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नाव टाकत नाही कारण माझा भाऊ तिथेच कंत्राटी कामाला आहे.
भरीतवाला दादा, जैनांनी भाऊंच्या उद्यानात मंगल कार्यालय नाही काढलं. आमच्या अप्पांचं बायपास झालंय, डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलंय, त्यांच्यासोबत रोज मी जाते. दोघांचे वीस रुपये म्हणजे वर्षाला सात हजार तीनशे आणि आमची घरपट्टीच चार हजार आहे. मे महिन्यात इकडे पंचेचाळीस जातं हे तुम्हाला सांगायला नको, घराच्या भिंती रात्री दहापर्यंत भाजत असतात आणि बागेत बावीस निंब आहेत, अख्ख्या कॉलनीला तेवढा एकच गारवा. पोरी तिथे पोलीस भरतीची पळायची तयारी करतात. लॉन झालं की हे सगळं बंद.

लेखापाल_निवृत्त
ताई, मी पालिकांच्या लेखा विभागात तीस वर्षं काढली आहेत, म्हणून दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका. पालिका पैसा नाही म्हणते ते बऱ्याचदा खरंच असतं. नगरपालिकांची जकात, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर, १९९९ ला गेली, बदल्यात सहायक अनुदान आलं आणि ते पगारातच संपतं. पंधराव्या वित्त आयोगाचा जो पैसा आला त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, राहिलेला ४० टक्के मोकळा म्हणायचा पण पगाराला आणि आस्थापनेला तोही चालत नाही, म्हणजे बागेचा माळी त्यातून ठेवता येत नाही. मग हातात उरतं काय? घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी. त्यातून पाणीपुरवठ्याच्या पंपांचं वीजबिल भरायचं. घरपट्टीची वसुली मार्चमध्ये जप्तीच्या नोटिसा निघाल्या की थोडी होते, एरवी लोक महिन्याला दोन टक्के शास्ती (दंड) चढू देतात पण भरत नाहीत. बाग सगळ्यांना हवी असते, पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न आला की कोणी पुढे येत नाही.
तरीपण तुमच्या प्रकरणात मी विचारीन की हिशोब कुठे आहे. बागेवर वर्षाला खर्च किती आणि ठेकेदार भाडं किती देणार, हे दोन आकडे ठरावासोबत पाहिजेत. ते नसतील तर परवडत नाही हे कशावरून म्हणताय असं लेखी विचारा.

पांझराकाठ
सगळी बोंब जीएसटीमुळे झाली. जकात होती तेव्हा पालिका श्रीमंत होत्या.

लेखापाल_निवृत्त
जीएसटी १ जुलै २०१७ चा, नगरपालिकांची जकात त्याच्या कितीतरी आधी गेली. तुम्ही मनपाचं बोलताय.

पांझराकाठ
मग मनपाचंच घ्या. जळगाव मनपाचं हुडकोचं, त्या सरकारी गृहकर्ज कंपनीचं, कर्ज आठवतं ना, त्या कर्जापायी मनपाची बँक खाती गोठवली होती. आणि मनपाच्या गाळ्यांची भाडेमुदत २०१२ ला संपली, त्यावर किती वर्षं भांडण चाललं. मनपाची सतरा मजली इमारत बांधली तेव्हाच लोक म्हणत होते की पैसा संपणार.

भरीतवाला
सतरा मजलीचा इथे काय संबंध भो.

धावपटू_नंदुरबार
पोलीस भरतीच्या पोरींना सांगा की मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर असतं, बागेतल्या गोल ट्रॅकवर वळणं जास्त येतात, गुडघा जातो. सरळ रस्ता बघा, पहाटे पाचला गावाबाहेर. आणि नवीन बूट घालून थेट चाचणीला उतरू नका, आधी महिनाभर त्यातच पळा.

शेवंती
दादा, पहाटे पाचला गावाबाहेर मी माझ्या बहिणीला एकटी नाही पाठवणार. म्हणून तर बाग पाहिजे. आणि माझा प्रश्न अर्जाचा आहे, बुटांचा नाही.

गिरणाथडी
आता नगरपालिका म्हणून सांगितलं ते बरं झालं. तीन गोष्टी पटकन सांगा. एक, जागा कोणाची आहे? विकास आराखड्यात बगीचा म्हणून आरक्षण आहे का लेआउटची ओपन स्पेस? दोन, मुदत किती वर्षांची? तीन, ठराव सभेत झाला का प्रशासकाने केला?

शेवंती
जागा पालिकेचीच असणार ना, बाग त्यांनीच बांधली. वर्षं नऊ. सभेत झाला म्हणतात. खड्डे खणून झालेत त्यामुळे मला वाटतं त्यांनी ठरवूनच टाकलंय, नोटीस नुसती नावाला.

गिरणाथडी
थांबा थांबा. कसले खड्डे?

शेवंती
कॉलमचे. सहा आहेत, गेटच्या डाव्या बाजूला, कमरेएवढे खोल. रविवारी रात्री जेसीबी आणला होता. तिसऱ्या निंबाच्या अगदी बुडाशी एक खणलाय, त्यात मुळ्या तुटून पांढऱ्या दिसताहेत, मनगटाएवढी एक आहे. सळया पण येऊन पडल्यात.

गिरणाथडी
ताई, हे पहिल्याच ओळीत सांगायचं!! हरकतींची मुदत संपायच्या आधी खोदकाम, यापेक्षा मोठा मुद्दा तुमच्याकडे दुसरा नाही. आत्ताच्या आत्ता फोटो काढा, खड्डा, सळया आणि मागे बागेची पाटी एकाच फोटोत येईल असे, मोबाईलमध्ये तारीख-वेळ चालू करून.
आता कलमं. १९६५ च्या अधिनियमाचं कलम ९२ बघा. पालिका आपली स्थावर मिळकत शासनाच्या मंजुरीशिवाय देऊ शकत नाही. भाडेपट्ट्याला सूट आहे पण फक्त तीन वर्षांपर्यंत, पुढे वाढवायचं तर नगरपालिका प्रशासन संचालकांची परवानगी आणि सगळं मिळून नऊच्या वर नाही. म्हणजे एका झटक्यात नऊ वर्षं देता येत नाहीत. आणि भाडेकरूला पक्कं बांधकाम करू द्यायचं नाही हे त्याच कलमात आहे. सहा कॉलम म्हणजे पक्कं बांधकाम नाही तर काय?

सातपुडा७
कलम ३०८ पण टाका. पालिकेचा ठराव बेकायदा असेल किंवा लोकांना त्रास होणार असेल तर जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. एक प्रत मुख्याधिकाऱ्यांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना. आणि माहिती अधिकार टाकाच.

पांझराकाठ
कसाले घाबरतस ताई, कोर्टात जा ना सरळ. बंगळूरला बागेची जागा खाजगी दवाखान्याला देऊन टाकली होती, सुप्रीम कोर्टाने १९९१ ला रद्द केली. दवाखान्याला चालत नाही तर लग्नाच्या लॉनला कसं चालेल?

लेखापाल_निवृत्त
कोर्टाला वकील लागतो आणि वकिलाला पैसे. आधी ३०८ चा रस्ता धरा, पण निकालाचा उल्लेख अर्जात जरूर करा, मुद्दा चांगला आहे.

गिरणाथडी
जागेचं अजून उत्तर नाही आलं. बाग त्यांनी बांधली म्हणजे जमीन त्यांची असं नसतं. कॉलनीचा लेआउट मंजूर करताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती सगळ्या प्लॉटधारकांसाठी असते. आजच्या नियमातसुद्धा अशा जागेवर फार तर १५ टक्के बांधकाम होतं, तेही व्यायामशाळा, वाचनालय असल्या कामाला, लग्नाच्या धंद्याला नाही. सातबारा काढा, लेआउटचा नकाशा आणि बिनशेतीचा आदेश शोधा. जुन्या प्लॉटवाल्यांच्या कपाटात असतो.

शेवंती
सापडला. अप्पांच्याच पेटीत होता, खरेदीखतासोबत घडी करून ठेवलेला. नकाशावर बागेच्या जागी हिरव्या पेन्सिलीने रंगवलंय आणि "खुली जागा" लिहिलंय. सातबाऱ्यावर पण खुली जागा असंच आहे, पालिकेचं नाव इतर हक्कात. अप्पा म्हणतात प्लॉट घेताना या जागेचे पैसे आमच्याकडूनच वसूल झाले होते.

गिरणाथडी
मग दोन्ही मुद्दे लिहा. जागा खुली जागा आहे म्हणून धंद्याला देता येत नाही, आणि समजा पालिकेची धरली तरी कलम ९२ आड येतं. उद्या पालिकेत जाऊन ठरावाची नक्कल मागा, सभेचा ठराव आहे, नक्कल फी भरली की द्यावी लागते.

मधुमालती
माझं थोडं वेगळं. घरपट्टीच्या बिलात वृक्ष कर असतो, १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली तो आपण दरवर्षी भरतो. झाडांसाठी पैसे घेणार आणि झाडांच्या मुळ्या तोडणार? बिलाची झेरॉक्स जोडा. निंबाला हात लावायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेतली का हे पण विचारा.

भरीतवाला
ठेका चांगला असतो हे मी अजूनही म्हणेन. पण मुळ्या तोडायचं वाचून वाईट वाटलं. आम्ही थंडीत बागेतच निंबाखाली काड्यांवर वांगी भाजून भरीत-पुरी करतो, कॉलनीतली पन्नास घरं असतात. निंब गेला तर बसणार कुठे.

शेवंती
नक्कल मिळाली. बुधवारी "साहेब नाहीत" म्हणाले, आज गुरुवारी आम्ही अकरा जणी गेलो तेव्हा दिली. विषय पत्रिकेवर नव्हताच, ऐनवेळचा विषय म्हणून घेतलाय. मुदत सरळ नऊ वर्षं. शेड तात्पुरत्या स्वरूपाचं असं लिहिलंय. खर्चाचा किंवा भाड्याचा एकही आकडा नाही, "निविदेनुसार" एवढंच.

लेखापाल_निवृत्त
ऐनवेळचा विषय आणि आकडा एक नाही. मी ठेक्याच्या बाजूने बोललो होतो, या ठरावाच्या बाजूने बोलणार नाही. विषय ऐनवेळी आणून सदस्यांना हिशोब न दाखवता नऊ वर्षांचा व्यवहार केला हे पहिल्या परिच्छेदात येऊ द्या. त्याखाली पर्यायही लिहा, नाहीतर म्हणतील यांना नुसता विरोध करायचाय. कॉलनीतून माणसं पाणी घालायला तयार आहेत, आकडे दाखवले तर देखभालीला वर्गणी काढू, असं स्पष्ट लिहा. तयार असाल तरच लिहा.

शेवंती
तयार आहोत. काल रात्री निंबाच्या पारावर बसून १४६ सह्या झाल्या, लाईट नव्हता, मोबाईलच्या उजेडात.
आणि अर्ज दिला! बारनिशीतले (आवक-जावक टेबलावरचे) बाबू शिक्का मारायला तयार नव्हते, म्हणे ठेवून जा, नंतर मारतो. आम्ही तिथेच उभ्या राहिलो, आवक नंबर आपल्या प्रतीवर पडल्यावरच निघालो. जिल्हाधिकाऱ्यांची प्रत स्पीड पोस्टाने गेली. सुनावणी बुधवारी अकराला ठेवलीय. जेसीबी आज परत नाही आला.
अजून एक विचारायचंय. त्या निंबाच्या मुळ्या चार दिवस उघड्या आहेत, ऊन सरळ खड्ड्यात पडतंय. माती लोटली तर पुरावा जाईल का?

गिरणाथडी
माती नका लोटू, बुधवारी कोणी पाहणीला आलं तर खड्डा जसा आहे तसा दिसला पाहिजे.

मधुमालती
पण मुळ्या वाळू देऊ नका. गोणपाट ओलं करून वरून टाका, पाहणीला आले की उचलून दाखवायचं. तुटलेलं टोक चिरलेलं असेल तर धारदार कोयत्याने सरळ कापून घ्या, पण आधी फोटो.

शेवंती
टाकलं. केळीच्या वखारीतून दोन गोणपाटं आणली. सकाळ-संध्याकाळ पाणी अप्पाच मारताहेत, पाऊण तास चालून झालं की.