कॅरिबियनमधला लायनफिश: डायव्हरच्या भाल्याने आवरेल का?

दर्यासारंग

फ्लोरिडा, बहामा, केमन, बोनेअर या पट्ट्यात डाइव्ह करणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा विषय काढतोय. लायनफिश मूळचा हिंदी-प्रशांत महासागरातला. १९८५ साली फ्लोरिडात डानिया बीचजवळ अटलांटिकमधली त्याची पहिली नोंद झाली. बहुधा कुणाच्या तरी मत्स्यटाकीतून सुटलेला. तिथे तो परका, आणि स्थानिक माशांची पिल्लं फस्त करतो, म्हणून त्याला मारतात. २००४ मध्ये तो बहामात पोचला आणि २०१० पर्यंत मेक्सिकोच्या आखातात.

माझं म्हणणं सरळ आहे. भाल्याने लायनफिश मारायच्या स्पर्धा, म्हणजे डर्बी, हा उपाय म्हणून जेवढा गाजतो तेवढ्या ताकदीचा नाही. एक मादी दर दोन-चार दिवसांनी अंडी घालते, वर्षाला वीस लाखांच्या घरात. अंड्यांचे चिकट गोळे पाण्यावर तरंगतात आणि पिल्लं जवळपास महिनाभर प्रवाहाबरोबर वाहत जातात. तुम्ही एका बेटाचा रीफ (प्रवाळाचा खडक) साफ केलात तरी पुढची पिढी दुसऱ्याच बेटावरून येणार. २०११ च्या एका गणिती अभ्यासाप्रमाणे संख्या घटायला दर महिन्याला प्रौढ माशांपैकी सुमारे २७ टक्के काढावे लागतात. हे कोण करणार?

त्यात खोलीचा प्रश्न. हौशी डायव्हर ४० मीटरला थांबतो, हा मासा ३०० मीटरपर्यंत दिसलाय. खालचे मासे बरेचदा आकाराने मोठे असतात आणि मोठी मादी जास्त अंडी घालते. पैसा आणि मनुष्यबळ खोल पाण्यातल्या सापळ्यांकडे वळवा, असं माझं मत आहे.

समुद्रवेडी

सारंग, २७ टक्क्यांचा आकडा संख्या एकूणच घटवण्याचा आहे. समूळ उच्चाटन होईल असं इथे कुणीच जाणकार म्हणत नाही. प्रश्न इतकाच की एखाद्या रीफवर लायनफिश इतके कमी ठेवता येतात का, की स्थानिक पिल्लं जगावीत. त्याचं उत्तर 'हो' आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या बहामातल्या प्रयोगात, जिथे लायनफिश ठरावीक मर्यादेखाली ठेवले तिथे स्थानिक लहान माशांचं वजन ५० ते ७० टक्क्यांनी वाढलं. बोनेअरमध्ये २००९ ला पहिला मासा दिसल्यापासूनच स्वयंसेवक मारायला लागले. नंतरच्या मोजणीत, जिथे शिकार होत होती तिथे लायनफिशचं वजन त्याच बेटावरच्या न मारलेल्या जागांपेक्षा पावणेतीन पट कमी निघालं. हे काम भाल्यानेच झालं.

आणि भाल्याइतकं नेमकं दुसरं साधन नाही. जाळ्यात काय येईल ते तुम्ही ठरवत नाही, भाल्यासमोरचा मासा ठरवूनच मारता. फक्त तंत्र नीट हवं. जेमतेम मीटरभराचा आखूड पोल स्पिअर (मागे रबर असलेला हातभाला), टोकाला तीन किंवा पाच दात्यांचं तोंड. एकदाती टोकावर मासा धडपडत दांड्यावरून हाताकडे सरकतो, म्हणून ते नको. रबर पूर्ण ताणायचं नाही, वीतभर अंतरावरून अर्धा ताण पुरतो. नेम डोक्याच्या लगेच मागे. सोडण्याआधी माशाच्या पाठीमागे काय आहे ते बघायचंच, नाहीतर दाते प्रवाळात घुसतात. मग मासा भाल्यासकट, सोबत नेलेल्या मासे साठवायच्या नळीच्या तोंडातून आत ढकलायचा आणि भाला मागे ओढायचा. तोंडाशी असलेल्या लवचीक पाकळ्या माशाला आत अडकवून ठेवतात. विषारी काट्यांना हात लावायची वेळच येत नाही. जाळीची पिशवी वापरणाऱ्यांना मात्र मांडीला काटे टोचतात.

दर्यासारंग

तंत्राबद्दल वाद नाहीच. पण अर्धवट मारण्याचा परिणामही मोजला गेलाय. बहामातच दिसलं की वारंवार शिकार झालेल्या रीफवरचे लायनफिश दिवसा कमी हलतात आणि फटींमध्ये जास्त खोल दडतात. पुढच्या वेळी ते दिसतच नाहीत, आणि डायव्हर वर येऊन सांगतो की रीफ साफ झाला. दरवेळी नेम चुकलेला एकेक मासा असा हुशार होत जातो.

निळाई

एक गोष्ट आधी बंद करा, बाकी चर्चा नंतर. मारलेला लायनफिश भाल्यावर धरून शार्कला किंवा ग्रूपरला भरवणं. (ग्रूपर म्हणजे आपल्या हेकरूच्या कुळातला.) "त्यांना चव लागली की ते स्वतः शिकार करतील" हा समज आहे. प्रत्यक्षात त्यांना चव लागते ती डायव्हरकडून मिळणाऱ्या घासाची. भाला दिसला की नर्स शार्क आणि मोरे ईल अंगाशी येतात, आणि चावेही घेतले गेलेत. ग्रूपर जास्त तिथे लायनफिश कमी, हे बहामातल्या एका राखीव क्षेत्रात आढळलं, पण पुढे मोठ्या प्रदेशात पाहणी केली तेव्हा तसा संबंध सापडला नाही. मेलेला मासा नळीतच राहू दे.

शेवंडकर

बाजाराचं कुणीच बोललं नाही. मांस पांढरं, मऊ, विष फक्त काट्यांत. काटे १८: पाठीवर १३, पोटाच्या दोन परांत एकेक, शेपटीअलीकडच्या परात ३. जाड कात्रीने ते आधी कापायचे, मग साफ करायचा. विष प्रथिनाचं असल्याने शिजवल्यावर निकामी होतं. सिग्वाटेराचं (रीफवरच्या माशांच्या मांसात साठणाऱ्या विषाची बाधा) तसं नाही, ते शिजवून जात नाही, म्हणून ज्या भागात इतर शिकारी माशांपासून ती बाधा होते तिथला लायनफिश विकू नये.

२०१६ पासून फ्लोरिडात मोठ्या दुकानांत तो मिळू लागला. अडचण पुरवठ्याची. हवा बिघडली की डायव्हर पाण्यात उतरत नाही, आणि आठवडाभर मासा आला नाही की हॉटेलवाला पदार्थ यादीतून काढतो. म्हणून मीही सारंगच्या बाजूने: सापळ्याशिवाय बाजार टिकणार नाही.

समुद्रवेडी

कुठला सापळा, ते सांगा ना. शेवंडीच्या पिंजऱ्यात लायनफिश येतात हे खरं, पण तो पिंजरा खोल रीफशेजारी ठेवलात तर स्थानिक मासेही कोंडले जातील, आणि दोर तुटला तर तो तळाशी मासे मारत बसेल. अमेरिकन सागरी शास्त्रज्ञ स्टीव्ह गिटिंग्ज यांनी आखलेला सापळा त्यामानाने बराच चांगला. आमिष नाही. जाळं तळावर उघडं पसरलेलं, मधोमध एक उभी जाफरी. लायनफिशला आडोसा आवडतो, तो जाफरीभोवती येऊन थांबतो. दोर ओढला की दोन्ही जबडे मिटतात. हरवला तरी उघडाच राहतो.

पण दोन दुखणी आहेत. रीफपासून लांब ठेवला तर मासे येत नाहीत, फार जवळ ठेवला तर उचलताना प्रवाळ मोडतं. दुसरं, प्रत्येक सापळ्याला वरपर्यंत उभा दोर लागतो, आणि शेकडो दोर म्हणजे कासवांना आणि देवमाशांना फास. त्याचं काय करायचं?

दर्यासारंग

दोराचा आक्षेप मान्य. तरंगता बोया वर न ठेवता तळाशी बांधून, ध्वनिसंकेत दिल्यावर सोडणारी यंत्रं आहेत, पण महाग. तोवर ४० ते ९० मीटरच्या पट्ट्यात रीब्रीदरवाले (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारं उपकरण घेतलेले) प्रशिक्षित डायव्हर उतरवावेत. फ्लोरिडाने लायनफिशसाठी रीब्रीदरला मुभा दिलेलीच आहे.

तारकर्लीकर

आपल्याकडच्यांसाठी दोन ओळी. अंदमान, लक्षद्वीप, कर्नाटकातलं नेत्राणी बेट इथे लायनफिश घरचाच आहे. इथे त्याला मारायचं काही कारण नाही, व्हिडिओ बघून कुणी भाला काढू नका. काटा लागलाच तर घाबरून झपकन वर येऊ नका, नेहमीच्या वेगानेच या. वर आल्यावर अंगठी-घड्याळ काढा, सूज येते. जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवा. पाणी दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने तपासा. दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. श्वास लागला किंवा चक्कर आली तर थेट दवाखाना.

समुद्रवेडी

सारंग, रीब्रीदरवाल्यांना खाली पाठवायला माझा विरोध नाही. पण त्यासाठी वरचं काम थांबवू नका. वर्षातून एकदा मोठी डर्बी भरवून भागणार नाही. ठरलेले दहा-बारा रीफ निवडून दर महिन्याला तिथेच उतरायचं, आणि दडलेले मासे बाहेर येतात तेव्हा, पहाटे किंवा संध्याकाळच्या सुमाराला. प्रत्येक डाइव्हनंतर मारलेल्यांबरोबर नेम चुकलेल्यांचीही नोंद ठेवायची. मग हुशार झालेले मासे किती उरलेत ते तुम्हालाही आकड्यांत दिसेल.