डेथ पूल: वीस नावांची यादी लावताना वय बघायचं की आजार?

कोरी_यादी

नमस्कार. वर्षभरात कोणते नामवंत जातील याचा अंदाज बांधायच्या एका स्पर्धेत पहिल्यांदाच उतरतोय. नियम असे: नावं २०, खेळ १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, यादी आदल्या ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री कुलूपबंद. नाव लागलं की १०० वजा मृत्युसमयीचं वय इतके गुण. एका नावावर जोकर लावता येतो, त्याचे गुण दुप्पट. जे नाव इतर कुणाच्याही यादीत नाही ते लागलं तर ५ गुण जादा. पैशाचा व्यवहार नाही.

नव्वदीच्या पुढची २० नावं काढून मोकळं व्हायचं, असा बेत होता. पण जुने निकाल चाळले तर सहा नावं लागलेला खेळाडू खाली आणि तीनच लागलेला पहिला. मग वय बघायचं की आजार? आणि जोकर कुणावर?

हिशेबनीस

उत्तर तुमच्या गुणपद्धतीतच आहे. नुसती लागलेली नावं मोजायची असती तर नव्वदीची यादी बरोबर होती. १०० वजा वय म्हटलं की म्हातारपणाचा सगळा फायदा वजाबाकीत जातो.

आकडे घ्या. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याचं मृत्युदरांचं कोष्टक जालावर फुकट बघायला मिळतं. त्यानुसार पुरुषाची पुढच्या वर्षभरात जाण्याची शक्यता ढोबळमानाने ७० व्या वर्षी २.३ टक्के, ८० ला ६, ८५ ला १०, ९० ला १६ ते १७, ९५ ला २७ च्या आसपास. बायकांची कमी: ९० ला १३, ९५ ला २२-२३. हा दर साधारण आठ वर्षांत दुप्पट होतो. बेंजामिन गोम्पर्ट्झने १८२५ मध्ये मांडलेला हा नियम अजून टिकून आहे, फक्त शंभरीच्या आसपास चढ मंदावतो.

आता शक्यतेला गुणांनी गुणा. पुरुष ७० चा असेल तर ०.७ गुण, ८० चा १.२, ८५ चा १.५, ९० चा १.६५, ९५ चा १.३५, आणि १०० चा शून्य. म्हणजे तब्येतीची काही बातमी नसलेला माणूस कुठल्याही वयाचा घेतला तरी त्याची किंमत दीड-पावणेदोन गुणांच्या वर जात नाही. त्यातल्या त्यात ८५ ते ९२ हा पट्टा बरा. याउलट ६० वर्षांची, गंभीर आजार जाहीर झालेली व्यक्ती घ्या. वर्षभरात जाण्याची शक्यता ४० टक्के धरली तरी ०.४ गुणिले ४०, म्हणजे १६ गुण. नव्वदीतल्या जवळपास दहा नावांचं काम ते एक नाव करतं. तीन नावांवर पहिला नंबर असाच येतो.

दोन सूचना. हे कोष्टक सगळ्या लोकसंख्येचं आहे, त्यात अंथरुणाला खिळलेलेही आले. नव्वदीत मुलाखती देत फिरणाऱ्या माणसासाठी त्यातला दर बराच उतरवून धरा. दुसरं, गुण मृत्युसमयीच्या वयावर आहेत, १ जानेवारीच्या वयावर नाहीत. हेन्री किसिंजर २७ मे २०२३ ला १०० वर्षांचे झाले आणि २९ नोव्हेंबरला गेले. तुमच्या नियमात त्यांचे शून्य गुण. जानेवारीत ९९ दिसतंय म्हणून भरलेलं नाव निम्म्या वर्षात फुकट जाऊ शकतं. यादीत प्रत्येक नावापुढे वाढदिवसाचा रकाना ठेवाच.

केसपेपर

हिशेबनीसांनी ४० टक्के 'धरली', पण सगळी मेख त्या धरण्यातच आहे. बातमीतला आजार वाचायचा कसा, हे सांगतो.

आधी नेमका प्रकार शोधा, अवयवाच्या नावावर थांबू नका. स्वादुपिंडाचा कर्करोग म्हटला की लोक डोळे झाकून नाव भरतात. पण त्यातला नेहमीचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा वेगळा आणि न्यूरोएंडोक्राइन गाठ वेगळी. पहिला चौथ्या टप्प्यात सापडला तर उपचार घेऊनही बहुतेकांचा काळ महिन्यांत मोजायचा; दुसऱ्यात माणूस वर्षानुवर्षं काढतो. स्टीव्ह जॉब्जना दुसरा होता, निदान २००३ चं आणि मृत्यू ऑक्टोबर २०११ चा. मेंदूतला ग्लायोब्लास्टोमा हा कर्करोग मात्र क्वचितच दगा देतो, मध्यक (निम्मे रुग्ण जायला लागणारा काळ) सव्वा वर्षाच्या आसपास. प्रोस्टेटचा कर्करोग पसरलेला असला तरी संथ चालतो. स्मृतिभ्रंश आणि पार्किन्सन्सच्या निदानावर त्याच वर्षी नाव लावणं म्हणजे जागा अडवून बसणं.

दुसरी चूक घड्याळाची. वैद्यकीय आकडे निदानाच्या दिवसापासून मोजलेले असतात, तुमचं वर्ष १ जानेवारीला सुरू होतं. अमेरिकी टीव्ही सूत्रसंचालक अ‍ॅलेक्स ट्रेबेक यांनी मार्च २०१९ मध्ये चौथ्या टप्प्याचा स्वादुपिंडाचा कर्करोग जाहीर केला. याद्या तेव्हा बंद झालेल्या. ते २०२० उजाडेपर्यंत टिकले, म्हणजे उपचारांना प्रतिसाद देणाऱ्या थोडक्या लोकांत गेले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ८० व्या वर्षी वारले. २०२० च्या यादीसाठी प्रश्न असा विचारायचा असतो: इतके महिने काढलेल्यांपैकी किती जण पुढचे बारा महिने काढत नाहीत? निदानाच्या दिवशीचा मध्यक इथे कामाचा नाही.

हालचाली चालवणाऱ्या मज्जापेशी निकामी करणाऱ्या एएलएस या आजारात निदानानंतर दोन ते पाच वर्षं हा नेहमीचा अंदाज. पण स्टीफन हॉकिंग १९६३ च्या निदानानंतर मार्च २०१८ पर्यंत जगले. कमी वयात सुरू झालेला आणि संथ चाललेला आजार पुढेही संथच चालतो, असं धरा.

बातमीतल्या वजनदार खुणा: उपचार थांबवल्याची घोषणा, अतिदक्षता विभागात दुसऱ्यांदा दाखल, साठ-सत्तरीतल्या माणसाने एकदम सगळे कार्यक्रम 'पुढे ढकलले' नव्हे तर 'रद्द केले'. वृद्धांत खुब्याचं हाड मोडणं फार वाईट. वर्षभरात पाचातला एक तरी जातो. हलक्या खुणा: व्हीलचेअर, काठी, 'किती वाळले हो' म्हणून फिरणारा फोटो.

आणि जे जाहीरच झालेलं नाही त्याचा तर्क लढवू नका. गायक डेव्हिड बोवी (१० जानेवारी २०१६, वय ६९) आणि अभिनेता चॅडविक बोसमन (२८ ऑगस्ट २०२०, वय ४३) दोघांनीही कर्करोग जगापासून लपवून ठेवला होता. ती नावं कुणाला लागली असतील तर नशिबाने.

कोरी_यादी

दोघांचेही आभार. मग हॉस्पिसमध्ये (आजार बरा करण्याचे उपचार थांबवून शेवटच्या दिवसांत काळजी घेणारी सेवा) असलेल्या माणसावर जोकर लावणं सगळ्यात सुरक्षित नाही का?

हिशेबनीस

नाही. जोकर शक्यता बघून लावत नाहीत, शक्यता गुणिले गुण बघून लावतात. जिमी कार्टर १८ फेब्रुवारी २०२३ ला हॉस्पिसमध्ये गेले तेव्हा ९८ चे होते. म्हणजे लागले असते तर २ गुण, जोकर धरून ४. आणि ते लागलेही नाहीत. २९ डिसेंबर २०२४ ला, शंभरी ओलांडून गेले. जोकर जाळायला याहून चांगली जागा सापडणार नाही. अमेरिकी सिनेटर जॉन मॅकेन यांचा ग्लायोब्लास्टोमा जुलै २०१७ मध्ये जाहीर झाला आणि ते २५ ऑगस्ट २०१८ ला गेले, ८२ व्या वाढदिवसाला चार दिवस बाकी असताना: १९ गुण, जोकरवर ३८. २०१८ च्या यादीत जोकरची जागा ती होती.

केसपेपर

हॉस्पिसबद्दल थोडी भर. अमेरिकेत तिथे दाखल होण्यासाठी डॉक्टरांना 'आजार नेहमीच्या गतीने गेला तर सहा महिने किंवा कमी' असा दाखला द्यावा लागतो. प्रत्यक्षात निम्मे रुग्ण तीनेक आठवड्यांतच जातात. त्यामुळे यादीच्या शेवटच्या आठवड्यात आलेली हॉस्पिसची बातमी मोलाची, पण सहा महिने तिथेच असलेल्या माणसाची त्या मानाने पुष्कळ कमी.

ओसाडगाव

चित्रगुप्ताची वही फुटलेली दिसते! बाकी, मेल्यावर मार्क देणारा हा एकच विषय असावा.

एकला_चालो

५ जादा गुणांकडे कुणी बघितलं नाही अजून. उदाहरण घ्या: ९२ वर्षांचा माणूस, शक्यता १८ टक्के, गुण ८, किंमत साधारण दीड. तेच नाव फक्त तुमच्याकडे असेल तर गुण १३ आणि किंमत २.३. एका फटक्यात दीडपट. म्हणून आजारी नावं घेऊन झाल्यावर उरलेल्या दहा-बारा जागांवर सगळ्यांना ठाऊक असलेले आजी-आजोबा भरू नका. ते निम्म्या याद्यांत असतात. लागले तरी तुम्ही आहात तिथेच राहता. न लावल्याचा धोका आहे, हे खरं. पण पहिला नंबर हवा असेल तर वेगळं पडावंच लागतं.

अशी नावं सापडतात कुठे? जिथे जन्मतारखा पक्क्या आणि प्रसिद्धी जुनी आहे तिथे. नोबेल विजेते, १९५० च्या दशकातले ऑलिंपिक पदकवीर, लहान देशांचे माजी राष्ट्राध्यक्ष, कॅथलिक कार्डिनल. (कार्डिनलना ८० नंतर पोप निवडीत मत नसतं, म्हणून त्यांच्या वयाच्या याद्या लोक डोळ्यांत तेल घालून अद्ययावत ठेवतात.) विकिडेटावर (विकिपीडियाच्या जोडीचा माहितीसाठा) प्रश्न टाकून जन्मतारीख आहे, मृत्युतारीख नाही, जन्म अमुक सालाआधीचा, अशी यादी पाच मिनिटांत निघते. फक्त तिच्यात कधीच वारलेले पण नोंद न झालेले खूप असतात, आणि वय जितकं जास्त तितका हा भुसा जास्त. १०५ वर्षांचा 'हयात' चित्रकार दिसला की आधी मृत्युलेख शोधा, मग मागच्या पाच वर्षांतली एखादी मुलाखत किंवा सत्काराची बातमी.

नाव इतकंही अनोळखी नको की पंच ते नाकारतील. प्रसिद्धीची अट काय आहे, ते विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी ठरावीक वृत्तपत्रांपैकी एकात स्वतंत्र मृत्युलेख यावा लागतो.

पंच

नियमांच्या बाजूने लिहितो, कारण भांडणं तिथेच होतात.

खेळ सुरू होण्याआधीच यादीतलं कुणी गेलं तर त्या जागी धरायला राखीव नावं मागून घ्या, दोन तरी. अमेरिकी अभिनेत्री बेटी व्हाइट ३१ डिसेंबर २०२१ ला गेल्या, शंभरीला अडीच आठवडे कमी. पोप बेनेडिक्ट सोळावे बरोबर एका वर्षाने, ३१ डिसेंबर २०२२ ला. ते खूप आजारी असल्याचं पोप फ्रान्सिस यांनी तीनच दिवस आधी सांगितलं होतं, तेव्हा नव्या वर्षाच्या यादीसाठी अगदी मोहात पाडणारं नाव. राखीव नाव नसेल तर अशी जागा वर्षभर रिकामी राहते. यादी २५ डिसेंबरला पाठवून निवांत बसू नका. ३१ ला संध्याकाळी वीसही नावं पुन्हा तपासा.

वेळ कुठली? मृत्यू जिथे झाला तिथली स्थानिक. हे लिहून ठेवलेलं नसेल तर सिडनीत १ जानेवारी उजाडल्यावर गेलेल्या माणसावरून लंडनमधला खेळाडू भांडणारच, त्याच्याकडे अजून ३१ तारीख असते.

पुरावा: दोन स्वतंत्र, नावाजलेल्या वृत्तसंस्था, किंवा कुटुंब अथवा प्रवक्त्याचं निवेदन. विकिपीडियावरचा बदल पुरावा नव्हे. अभिनेते एब व्हिगोडा यांना १९८२ मध्ये एका मासिकाने दिवंगत ठरवलं; ते २०१६ पर्यंत जगले. अफवेवर गुण देऊन मग परत घेतले की त्या स्पर्धेचा विचका झालाच म्हणून समजा.

बाद नावं: मृत्युदंडाची तारीख ठरलेले कैदी, अल्पवयीन, आणि फक्त आजारपणामुळेच बातमीत आलेली सामान्य माणसं. यातला शेवटचा नियम १९८७ पासून चालणाऱ्या ब्रिटनमधल्या डेथलिस्ट या स्पर्धेतही आहे. तिथे ५० नावं असतात आणि आदल्या वर्षीची जास्तीत जास्त २५ परत घेता येतात. हा दुसरा नियम मला फार आवडतो. तो नसेल तर तीच यादी दरवर्षी कॉपी-पेस्ट होते. खेळाडूचा स्वतःचा हात असलेला मृत्यू धरत नाहीत, हे बहुतेक नियमावल्या थट्टेने लिहितात, पण लिहितात.

आणि पैसे नाहीत ते उत्तम. ही खोड जुनी आहे. पोपची निवड आणि पोप किती काळ गादीवर राहील यावर पैजा लावणाऱ्यांना ग्रेगरी चौदाव्याने १५९१ मध्ये बहिष्काराची धमकी दिली होती. अठराव्या शतकात लंडनमध्ये लोक परक्या प्रसिद्ध माणसांच्या आयुष्यावर विमा उतरवून जुगार खेळत, म्हणून १७७४ चा कायदा आला: ज्याच्या जगण्यात तुमचं हित नाही त्याचा विमा तुम्हाला काढता येणार नाही.

कोरी_यादी

शेवटचे दोन प्रश्न. आजारी किती आणि वयस्क किती? आणि मृत्यूची तारीखच नक्की नसेल तर?

हिशेबनीस

पहिल्याचं उत्तर: पक्की बातमी असलेली जितकी मिळतील तितकी. ३१ डिसेंबरला अशी नावं सहा-आठच्या वर क्वचित निघतात. बाकीच्या जागा वयाने भरा, ओढूनताणून 'आजारी' शोधू नका. निकालावरून स्वतःला लगेच जोखूही नका. १७ टक्क्यांची २० नावं असतील तर सरासरी ३.४ लागतात आणि प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार) १.७ येतं. दोन लागली काय, पाच लागली काय, एका वर्षात तो निव्वळ योगायोग असू शकतो.

पंच

दुसऱ्याचं: शवतपासणी अधिकाऱ्याने दिलेली तारीख धरतात. अमेरिकी अभिनेते जीन हॅकमन २६ फेब्रुवारी २०२५ ला मृतावस्थेत सापडले, पण पेसमेकरची शेवटची नोंद १८ फेब्रुवारीची निघाली आणि तीच तारीख मानली गेली. वय दोन्हीकडे ९५, त्यामुळे गुण सारखेच. हेच डिसेंबर-जानेवारीच्या सीमेवर झालं तर वर्षच बदलतं. म्हणून निकाल १ जानेवारीला अंतिम करत नाहीत. ३१ जानेवारीपर्यंत उघडा ठेवा आणि त्यानंतर कळलेला मृत्यू धरणार नाही, असं आधीच जाहीर करा. गुण समसमान झाले तर लागलेल्या नावांची संख्या बघतात, तीही सारखी असेल तर ज्याचं पहिलं नाव वर्षात आधी लागलं तो वर.