अनुभव धागा: मुलं लहान असताना घरातला पैसा कसा सांभाळलात?

ताळेबंद
आमच्याकडे दुसरं बाळ येऊ घातलंय. पहिल्याच्या वेळचा हिशेब वहीत आहे, पण त्यातून एवढंच कळतं की पैसे गेले. म्हणून हा धागा. मूल जन्मल्यापासून शाळेत रुळेपर्यंत घरखर्च, कर्ज, विमा आणि बचत यांची सांगड कशी घातलीत ते लिहा. नवराबायकोत त्यावरून काय बोलणं झालं तेही लिहा, खरा घोळ बहुधा तिथेच असतो. रकमा नकोत, प्रत्येकाचा पगार निराळा, गाव निराळं. आणि 'खर्च कमी करा, बचत वाढवा' हे तर मुळीच नको.

अर्धवेळ आई
जरा सविस्तर लिहिते.

बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा नवरा कागद-पेन घेऊन बसला. वर माझा पगार, खाली पाळणाघराची फी, जाण्यायेण्याचा खर्च, घरकामाच्या मावशींचे वाढीव पैसे. वजाबाकी केल्यावर उरलं अगदीच किरकोळ. "एवढ्यासाठी कशाला ओढाताण करून घेतेस?" हे तो प्रेमानेच म्हणाला. मी कागद उलटा केला आणि वर दोघांचा पगार लिहिला. मूल दोघांचं, मग फी एकटीच्याच पगारातून का वजा करायची?

शिवाय पाळणाघर तीन-चार वर्षांचं असतं, नोकरीतला खंड मात्र निवृत्तीपर्यंत भोवतो. त्या वर्षांची पगारवाढ बुडते, पुढच्या सगळ्या वाढी त्या कमी पगारावर बसतात, आणि निवृत्तीसाठी जे साठायचं तेही त्या काळात साठत नाही. हे त्याच कागदावर मांडलं आणि पारडं फिरलं. मी अर्धवेळ काम घेतलं. पाळणाघराची फी मात्र मुद्दाम त्याच्या खात्यातून जाते. ज्याच्या खात्यातून जाते त्यालाच फीवाढीची चिठ्ठी नीट वाचावी लागते, हा वरचा फायदा.

जिला नोकरी सोडावीशी वाटते तिने खुशाल सोडावी. मूल जवळ हवं, एवढं कारण पुरेसं आहे. पण मग कमावत्याच्या पगारातून दरमहा तिच्या नावावर काहीतरी जमा व्हायला हवं, आणि तेही तिने न मागता.

ताळेबंद
तो उलटा कागद आज रात्री आमच्याकडेही निघणार असं दिसतंय.

जुळ्यांचा बाबा
'थोरल्याचं धाकट्याला' ही सोय आमच्याकडे नाही, सगळं एकदम दोन. त्यामुळे काय घ्यायचं नाही हे लवकर कळलं. बाळाचं वजन पाचेक महिन्यांत जन्माच्या दुप्पट, वर्षात साधारण तिप्पट होतं. उंची वर्षभरात जवळपास दीडपट. म्हणजे पहिल्या वर्षातले कपडे फाटत नाहीत, तोकडे होतात. नातेवाइकांना सरळ सांगितलं, द्यायचेच असतील तर वर्षापुढच्या मापाचे द्या. एक आत्या अजून रुसलेली आहे.

डायपरचंही तेच. तान्ह्या बाळाला दिवसाला आठ-दहा सहज लागतात, म्हणून मोठे खोके स्वस्त वाटतात. पण लहान मापाची साठवण करू नका, माप बदलतं आणि खोके उरतात. दिवसा कापडी लंगोट आणि रात्री डायपर, असं आम्ही जमवलं. रात्री डायपरवर खर्च का, असं विचारणाऱ्याने एक रात्र आमच्याकडे काढावी.

साधा माणूस
घरात मूल आलं की विमा विकणारे बरोबर पोचतात. आमच्याकडे आलेली पॉलिसी 'मुलाच्या शिक्षणासाठी' होती, म्हणजे विमा आणि बचत एकत्र. मी एकच विचारलं, मी उद्या गेलो तर घरात किती येतील? उत्तर आलं ते दोन वर्षांच्या खर्चालाही पुरलं नसतं. त्या हप्त्याच्या लहानशा भागात साधा टर्म प्लॅन कितीतरी पट संरक्षण देत होता. मुदत संपेपर्यंत धडधाकट राहिलो तर त्यातून काही परत मिळत नाही. "मग पैसे पाण्यातच की!" बायकोचं हे म्हणणं निवळायला बराच वेळ गेला. उरलेले पैसे वेगळे साठवतो.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही. घर सांभाळणाऱ्याचाही विमा मिळत असेल तर काढा, कारण ती व्यक्ती नसेल तर तेच काम पगारी माणसाकडून करून घ्यावं लागतं. आणि नॉमिनी म्हणून तान्ह्या मुलाचं नाव लिहून मोकळे होऊ नका. अज्ञान मुलाच्या हाती थेट पैसे दिले जात नाहीत, त्याच्या वतीने ते कोणी घ्यायचे त्या सज्ञान व्यक्तीचंही नाव लिहून ठेवा.

जुळ्यांचा बाबा
शिक्षणाचे पैसे मग कुठे ठेवता? आम्ही सगळं मुदत ठेवीत टाकतोय.

साधा माणूस
कधी लागणार त्यावर आहे. ७२ ला टक्क्यांनी भागा, रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते साधारण कळतं. फी वर्षाला ८ टक्क्यांनी वाढली तर ९ वर्षांत दुप्पट, १८ वर्षांत चौपट. ठेवीवर ६ टक्के मिळाले तर दुप्पट व्हायलाच १२ वर्षं, आणि १८ वर्षांत पावणेतीनपटीच्या जरा वर. वर करही बसू शकतो. म्हणून कॉलेजच्या पैशांचा काही भाग आम्ही शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात घालतो. पण शाळाप्रवेशाचे पैसे दोन वर्षांत लागणार, ते ठेवीतच. तिथे बाजाराचा जुगार नको.

आजी ड्युटीवर
तुमच्या सगळ्यांच्या हिशेबात मी फुकटात बसते, म्हणून लिहिते. नातवाला मी सांभाळते, हौसेने. पण माझेही गुडघे आहेत आणि आमच्या ह्यांचीही तपासणी असते. लेक-जावयाला बसवून सांगितलं की वर्षातून काही आठवडे माझी रजा, आणि त्या दिवसांतल्या पाळणाघराचे पैसे तुम्ही आधीच बाजूला काढायचे. नातवाला खेळणं आणलं तर त्याचे पैसे मी घेत नाही, रिक्षाचे आणि औषधांचे घेते. जावयांना सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं. मला नाही झालं.

अर्धवेळ आई
काकू, दंडवत.

कामाप्रमाणे दाम
आम्हा दोघांनाही ठरलेला पगार नाही, कामं येतील तसे पैसे. सगळी कमाई एका खात्यात जाते आणि १ तारखेला तिथून घरखर्चाच्या खात्यात ठरावीक रक्कम येते. त्याला आम्ही पगारच म्हणतो. ती ठरवताना वर्षाची सरासरी धरली नाही, सगळ्यात पडता महिना धरला. चांगल्या महिन्यातलं वरचं तिथेच मुरतं. पगारदारांना तीन महिन्यांचा खर्च राखीव पुरत असेल, आम्हाला सहाचाही कमी वाटतो. मूल तापाने फणफणलं की डॉक्टरचं बिल एकीकडे आणि दोघांपैकी एकाचं काम बंद दुसरीकडे. पाळणाघराच्या पहिल्या वर्षात मुलं सारखी आजारी पडतात, तेव्हा त्या वर्षासाठी जास्तच ठेवा.

वाचनमात्र
एरवी नुसती वाचते. आमच्या चार वर्षांच्या बाईसाहेबांना "पैसे संपले" म्हटलं तर म्हणते, "मग फोनमधले दे." तिने नोट मोडताना कधी पाहिलीच नव्हती. आता शनिवारी तिच्या हातात सुटी नाणी देते, दुकानात तीच मोजते. मागे रांग लागते, लोक उसासे टाकतात. टाकू देत.

ताळेबंद
कर्जावर कोणी लिहिलंच नाही. हातात थोडे जास्तीचे पैसे आहेत. बाळ यायच्या आधी घरकर्जात भरावेत का?

साधा माणूस
व्याज ९ टक्के आणि मुदत २० वर्षं असेल तर पहिल्या हप्त्यातला जवळजवळ ८३ टक्के भाग व्याजात जातो. त्यामुळे सुरुवातीला भरलेल्या जादा पैशाने व्याज खूप वाचतं हे खरं. पण एकदा भरलेले पैसे सहसा परत मागता येत नाहीत. क्रेडिट कार्डची थकबाकी असेल तर आधी ती मिटवा, तिचं व्याज घरकर्जाच्या कितीतरी पट असतं. घरकर्जाचं काय ते बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर बघा.

आजी ड्युटीवर
आणि बाळंतपणात तुमच्याकडे कोण येऊन राहणार आहे? तिला विचारलंत का?