मदत हवी आहे : पाड्याची स्वतंत्र लोकसंख्या कोणत्या कागदावरून सिद्ध करावी?

सर्वांना नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यातला आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १६,४८,२९५ असून तीत सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमातींचे लोक आहेत, हे सर्वत्र सापडते. पण ती जनगणना महसुली गावापाशीच थांबते. आमचे गाव म्हणजे सातपुड्याच्या डोंगरधारांवर विखुरलेले पाडे. आमच्या पाड्यातून ग्रामपंचायत कार्यालय गाठायचे तर मध्ये नाला लागतो, आणि पावसाळ्यात म्हातारी माणसे व लेकुरवाळ्या बाया ग्रामसभेला पोहोचूच शकत नाहीत. हे मला फार लागते.

पेसा कायद्याच्या (अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) २०१४ च्या महाराष्ट्र नियमांनुसार पाड्यातील मतदारांच्या बहुमताने ठराव करून, स्वतंत्र गाव घोषित व्हावे आणि पाड्याची स्वतःची ग्रामसभा भरावी म्हणून तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवता येतो. मतदार यादीत मात्र सर्व पाडे एकाच गावाच्या नावाखाली, एकाच आडनावांच्या रांगांत मिसळलेले आहेत. अंगणवाडीचे कुटुंब सर्वेक्षण आणि घरपट्टीचा नमुना ८ यांतून आम्ही पाड्याची यादी जुळवत आहोत.

ज्यांनी धडगाव, अक्कलकुवा किंवा चोपडा, यावलकडे अशी घोषणा करवून घेतली आहे, त्यांनी कृपया सांगावे : ही यादी ग्रामसेवकांनी प्रमाणित केलेली चालते का, आणि पाड्याची हद्द तलाठ्यांच्या गाव नकाशावर गट क्रमांकांनी दाखवावी की सामूहिक वनहक्काच्या नकाशाचा आधार घ्यावा? मंजूर ठरावाचा नमुना मिळाल्यास फार उपकार होतील.