मदत हवी: जुन्या पिकअपचा मागचा उजवा दिवा ब्रेक दाबला की विझतो, वर पार्किंगचा फ्यूजही उडतो

हर्णैवाला:
नमस्कार मंडळी. गाडी 2011 ची डिझेल पिकअप आहे, 12 व्होल्टची. हर्णै बंदरावर मासळी भरायची आणि मंडणगड, महाड, माणगाव करत ताम्हिणीतून पुण्याला पोचवायची, असं तिचं काम. प्रवास बहुतेक रात्रीचाच. ताम्हिणीत धुकं उतरलं की मागच्या गाडीला आपले दोन लाल दिवे सोडून काही दिसत नाही, आणि नेमके तेच दगा देताहेत. पाऊस ऐन भरात आहे, त्यामुळे जिवाला घोर लागलाय.

पहिली तक्रार उजव्या दिव्याची. पार्किंग बंद ठेवून ब्रेक दाबला तर डावीकडे लख्ख उजेड पडतो आणि उजवीकडे नुसती लाली दिसते. त्याच वेळी उजव्या इंडिकेटरच्या काचेतही पुसटसा उजेड येतो. पार्किंग चालू ठेवून ब्रेक दाबला तर उजवा दिवा वाढायच्या ऐवजी जवळजवळ विझतो. उजवा इंडिकेटर दिला की पार्किंगही त्याच्याबरोबर लुकलुकतं. डावी बाजू एकदम ठीक आहे.

आतापर्यंत बल्ब बदलून झाले (21/5 वॅटचे, दोन फिलामेंटवाले), होल्डर पॉलिश पेपरने घासला, एका गॅरेजात फ्लॅशर रिलेही (इंडिकेटर लुकलुकवणारा) बदलून दिला. तसूभर फरक नाही. मल्टिमीटरने दिव्याची अर्थिंगची वायर (करंट बॅटरीकडे परत नेणारी) आणि चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, यांच्यात बीप घेतला तर तो व्यवस्थित वाजतो. म्हणजे अर्थ चांगला आहे असंच मानायचं ना? इथेच गाडी अडलीय.

दुसरी तक्रार पार्किंगच्या 10 अँपिअरच्या फ्यूजची. रिकामी गाडी कितीही आदळली तरी तो टिकतो. माल भरला आणि एखादा मोठा खड्डा लागला की गेलाच. चारी कोपऱ्यांचे 5 वॅटचे बल्ब, नंबर प्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डच्या मीटरचे दिवे मिळून 30-35 वॅट होतात, म्हणजे 3 अँपिअरच्या आत. तेव्हा लोड जास्त हे कारण नाही. नाक्यावरचे लोक 20 चा फ्यूज टाकायला सांगतात. मी टाकणार नाही. फ्यूज वाचेल आणि वायर जळेल, तीही डिझेलच्या टाकीशेजारून जाणारी.

गाडीला आठ वर्षं कधीच उलटून गेली, त्यामुळे पासिंग दरवर्षी करावं लागतं आणि यंदाचं तोंडावर आलंय. तसंही, दिवे धड नसताना घाटात जायची माझी तयारी नाही. जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

चिपळूणचा वायरमन:
दादा, तुमची लक्षणं वाचूनच सांगतो, उजव्या दिव्याचा अर्थ गेलाय. बीपवर जाऊ नका. बीप वाजवायला मीटर अगदी नावाला करंट सोडतो. वायरची एक तार शाबूत असली तरी तो वाजेल, आणि 21 वॅटच्या फिलामेंटला लागणारा पावणेदोन अँपिअर मात्र त्या एका तारेतून जाणार नाही. अर्थ तपासायचा तो दिवा पेटवूनच.

मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर, त्यासाठी लांब वायर घ्या. लाल पिन दिव्याच्या अर्थवर. पार्किंग चालू करा, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि आकडा बघा. 0.1-0.2 व्होल्टच्या आत असेल तर माझं म्हणणं चूक. त्याच्या वर जितका असेल तितका व्होल्टेज बल्बला न मिळता वाटेत खर्च होतोय. मग लाल पिन एकेक पायरी पुढे सरकवा: दिवा, मग थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), मग थिंबलचा बोल्ट, मग चासी. आकडा जिथे धाडकन खाली येतो तिथेच दोष.

उजेड इंडिकेटरमध्ये का शिरतो, तेही सांगतो. ब्रेकचं फिलामेंट, पार्किंगचं आणि इंडिकेटरचं, तिघांची परतीची वाट एकच. ती अडली की ब्रेकचा करंट इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा जाऊन पुढच्या इंडिकेटरमार्गे अर्थ शोधतो. गॅरेजवाले अशा वेळी फ्लॅशर बदलतात. बिचाऱ्या फ्लॅशरचा काही संबंध नसतो.

आता फ्यूज. नवे फ्यूज जाळत बसू नका. फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांमध्ये 21 वॅटचा बल्ब जोडा. पार्किंगचे सगळे बल्ब, नंबर प्लेटचासुद्धा, होल्डरमधून काढून ठेवा आणि स्विच चालू करा. डॅशबोर्डच्या दिव्यांमुळे तुमचा बल्ब थोडा लाल दिसेल, त्याचं काही नाही. वायर लोखंडाला लागली की तो एकदम लख्ख पेटेल. करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे वायरही सुरक्षित राहते. मग लूम (वायरींची जुडी) हातात धरून, हलवत हलवत पुढून मागे जायचं.

घाटमाथा:
वायरमनदादांनी सगळं सांगितलंच आहे, फक्त एक भर घालतो. तुमचा फ्यूज भरलेल्या गाडीतच उडतो, तर रिकाम्या गाडीखाली शोधून काही मिळणार नाही. हौद्यात जांभ्याचे चिरे भरा, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) खाली बसू द्या आणि मग बल्ब लावून बघा. चाकांना आधी उटी, म्हणजे अडवणीचे दगड, लावा. भरलेल्या गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नका.

हर्णैवाला:
दादा, दोन्ही सापडले! फार आभारी आहे.

ब्रेक दाबून दिव्याच्या अर्थवर 7 व्होल्ट आला, आणि चासीच्या लोखंडावर जवळपास शून्य. दोष थिंबलमध्ये होता. पेट्यांमधलं बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या भोकातून बरोबर त्या बोल्टवर ठिबकतं. थिंबल वरून ठीक दिसत होतं, ओढल्यावर हातात आलं. वायर सोलली तर आत वीतभर तांबं काळं पडलेलं, कुठे हिरवट. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत गेलो. नवा तुकडा जोडून थिंबल दाबून बसवलं, सोल्डर केलं, आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवली. बोल्टची जागाही बदलली, ठिबक पोचणार नाही अशी. रंग खरवडला, दातेरी वॉशर टाकला, आवळल्यावर वरून ग्रीस लावलं. आता 0.08 व्होल्ट येतो. ब्रेक दाबला की दोन्ही बाजू सारख्या पेटतात.

आणि फ्यूजचं म्हणाल तर चिरे भरल्यावरच कळलं. उजव्या पाट्याच्या वर लूमचा क्लॅम्प तुटलाय. लूम लोंबून बंप रबराच्या (अॅक्सलचा दणका झेलणाऱ्या रबराच्या) पट्टीवर आलं होतं. गाडी दबली की अॅक्सल वर येऊन त्याला चेपतो. पार्किंगच्या वायरीचं आवरण एका जागी पार गेलेलं. तिथे हात लावताच बल्ब लख्ख!

तात्पुरतं लूम वर बांधून घेतलंय. आता कायमचं करायचं तर ते बंद पीव्हीसी पाइपातून न्यावं का, म्हणजे खारं पाणी लागायलाच नको?

चिपळूणचा वायरमन:
बंद पाइप नको दादा. पाणी कुठून ना कुठून आत जातंच, आणि मग सुकत नाही. आधी खराब तुकडा कापून दिव्याच्या अर्थसारखाच जोड करा, नुसता पीळ देऊन टेप मारू नका. त्यावर उभी चीर असलेली नालीदार स्लीव्ह घाला, चीर खालच्या बाजूला ठेवा. रबर लावलेले क्लॅम्प चासीच्या वरच्या कडेला, हातभर अंतरावर मारा. पाट्याजवळ थोडी ढील द्या, पण अॅक्सल पूर्ण वर आला तरी लूमला शिवता कामा नये. चिरे उतरवायच्या आधीच हे तपासून घ्या. आणि माल उतरवल्यावर पुण्यातच हौद्याखालून गोड्या पाण्याचा फवारा मारत जा, परत येईपर्यंत मीठ अंगावर ठेवू नका. डाव्या बाजूचा अर्थही आत्ताच उघडून बघा. तो त्याच पाण्यात भिजतोय.