छापा-काटा आणि सेक्रेटेरियट

लोक म्हणतात, रक्त, म्हणजे आई-बापाचं घराणं, चांगलं असलं की घोडा पळणारच. अहो, आमच्या फोंड्याच्या कुळागरात एकाच माडाचे दोन नारळ रुजत घातले, एक धरायला लागलाय न् दुसरा नुसता उंच वाढतोय!

अमेरिकेचा शर्यतीचा घोडा सेक्रेटेरियट, त्याचंच बघा. बाप बोल्ड रूलर फिप्सांकडचा, घोड्या चेनरींच्या, दोघेही घोड्यांचे मालक, पैसे द्यायचे नाहीत, पिल्लं वाटून घ्यायची, न् पहिली निवड कोणाची ते १९६९ साली नाणं उडवून ठरलं. फिप्स जिंकले, त्यांनी समथिंगरॉयल या घोडीची शिंगरी घेतली, द ब्राइड, ती एकही शर्यत जिंकली नाही. हरलेल्या पेनी चेनरींच्या वाट्याला त्याच आईचं पोटातलं शिंगरू आलं, ते १९७० च्या मार्चमध्ये जन्मलं, तांबूस रंगाचं, तोच हा सेक्रेटेरियट. सख्खी भावंडं बरं का!

१९७३ ला ट्रिपल क्राउन, म्हणजे तिकडच्या तीन मोठ्या शर्यती एकाच वर्षी जिंकल्या. त्यातल्या डर्बीत प्रत्येक पाव मैल आधीच्यापेक्षा जोरात, न् बेलमाँटला दीड मैल २ मिनिटं २४ सेकंदांत, ३१ लेंग्थनी, म्हणजे एकतीस घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतरानं, मागचे घोडे कॅमेऱ्यात मावेनात, रेकॉर्ड अजून तसाच आहे.

स्टडवर, म्हणजे पैदाशीला ठेवल्यावर, मुलगे त्याच्या तोडीचे नाही निघाले, पण मुलींनी नाव राखलं. स्टॉर्म कॅट न् ए.पी. इंडी हे नावाजलेले घोडे, दोघांच्याही आईचा बाप हाच.