सायबर स्वच्छता केंद्राचा मेसेज आलाय, टूल टाकू का?

डिचोलीकर:
एक विचारायचं होतं. बाबांच्या मोबाईलवर मेसेज आला, फुकट बॉट रिमूव्हल टूल (म्हणजे फोन लपून परक्याच्या ताब्यात देणारा व्हायरस काढायचं) डाउनलोड करा, पत्ता सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन. मला आधी वाटलं चेन्नईवाले तिकिटं विकतायत. मागे शेजारच्या काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ट्रॅफिक चलनाची एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाईल, उघडली आणि खातं साफ, तेव्हापासून बाबा लाईट बिलाचा मेसेजसुद्धा मला दाखवल्याशिवाय उघडत नाहीत. हा खरा असला तरी सरकारी टूल घातल्यावर फोटोबिटो, मेसेज सगळं तिकडे दिसणार का?

मांडवीकाठ:
साईट खरी आहे, सर्ट-इनची, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेची, फेब्रुवारी २०१७ पासून चालू. असे मेसेज सरसकट सगळ्यांना जातात, त्यामुळे बाबांच्या फोनात काही सापडलंय असं समजू नका. आणि टूल सरकारने लिहिलेलं नाहीये, विंडोजसाठी आपल्या पुण्याच्या क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीचं आहे, मोबाईलसाठी ईस्कॅनचं. जीओव्ही डॉट इन कोणा खाजगी माणसाला मिळत नाही, पण मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका, पत्ता स्वतः टाईप करा, एखादं अक्षर इकडचं तिकडे करून फसवतात ना.

पर्वरीचा_पाव:
खरी आहे हो, पण विश्वास ठेवा म्हणणं वेगळं. याच सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएनवाल्यांना (नेटवर ओळख लपवून देणाऱ्यांना) सांगितलं की गिऱ्हाईकांची माहिती ५ वर्षं ठेवा, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ही संस्थाच माहिती अधिकारातून बाहेर काढली. म्हणजे आमचं त्यांनी ठेवायचं, त्यांचं आम्ही विचारायचं नाही. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी दूरसंचार खात्याचं संचार साथी अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनात आधीच घालायचा हुकूम निघाला होता, बोंब झाल्यावर थोड्याच दिवसांत मागे घेतला. मग लोक का घाबरणार नाहीत?

मांडवीकाठ:
ते पटतं. पण बॉट राहू दिला तर जो कोणी चोरटा तो फोन चालवणार त्याला तर कसलाच कायदा नाही. टाका, परवानग्या बघून द्या, स्कॅन झालं की काढून टाका. कॉन्टॅक्ट मागितले तर का म्हणून द्यायचे? आणि शेजारच्या काकांनी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला होता का? पैसे गेल्या गेल्या केला तर पुढच्या खात्यात अडकवता येतात.

डिचोलीकर:
काकांनी दोन दिवस लाजेने कोणाला सांगितलंच नाही, काय बोलणार. बाबांच्या फोनात स्कॅन केलं, काही नाही निघालं, काढून टाकलं. आता बाबा विचारतायत तो १९३० नंबर तरी खरा कशावरून.